बायनाक्काचं पान

"बरणीला हात लावायचा नाही," मी म्हणाले. "दोघांनीही. नाहीतर दोघांनाही आत ठेवून बाहेरनं कुलूप घालीन. आणि आतली मंडळी फारशी बोलत नाहीत, आधीच सांगून ठेवते."

दोघांनी हात मागं घेतले. दोघंही डॉक्टर, पण औषधवाले नव्हेत, प्रबंधवाले. डॉ. नंदिनी शेट्ये मुंबईच्या. कॅन्सरच्या गाठीशी शरीर आपलं आपण कसं लढतं, यावर त्यांचं संशोधन. डॉ. विद्याधर खांडेपारकर पुण्याचे. त्यांचा विषय हवा. माणसानं गेल्या शंभर वर्षांत हवेत काय काय कालवलं ते मोजणारे. डीनसाहेबांच्या शिपायानं त्यांना आल्या आल्या विचारलं होतं, "साहेब, उद्या पाऊस हाय का?" तेव्हापासून ते घुश्शात होते.

आणि मी लोखंडेबाई. कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या म्युझियमची संग्रहपाल. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येतं. म्युझियमचं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले, पुस्तकं मागवून वाचली, पोस्टानं परीक्षा दिल्या, आणि ज्यांनी मला बरण्या पुसायला ठेवलं होतं त्यांच्या नाकावर टिच्चून त्याच बरण्यांची मालकीण झाले.

म्युझियम म्हणजे एक लांबलचक दालन. दोन्ही अंगांना सागवानी कपाटं आणि कपाटांत फॉर्मालिनमध्ये बुडवलेली माणसं, तुकड्यातुकड्यानं. कुणाचं काळीज, कुणाचं यकृत, कुणाचा सहा बोटांचा पाय. आमचे डीन डॉ. शितोळे यांना ह्या दालनाचा गारेगार सेमिनार हॉल करायचा होता. दिवाळी झाली की बरण्या तळघरात जाणार होत्या, आणि आमच्या तळघरात दर पावसाळ्यात पाणी शिरतं. म्हणजे माझ्या माणसांना दुसऱ्यांदा मरण.

वाचायची एकच वाट होती. सरकारची एक नवी योजना निघाली होती. तीन निरनिराळ्या विद्याशाखांनी एकत्र येऊन संशोधन करायचं, म्हणजे म्युझियमला पाच वर्षांचं अनुदान आणि तोवर जागेला कुणी धक्का लावायचा नाही. मी शाखा गोळा केल्या. एक गाठीची, एक हवेची, तिसरी माझी. तिघांची नजर मात्र एकाच बरणीवर होती, आणि भांडण तिथंच होतं.

ती बायनाक्काची बरणी.

बायनाक्का परीट पंचगंगेवर धुणं धुवायची. संस्थानी काळातली गोष्ट. तिच्या मांडीत नारळाएवढी गाठ झाली. सर्जन म्हणाले, पाय कापावा लागेल. तारीख ठरली. त्याआधीच बाईला धावरं झालं, कातडीला बाहेरची लागण होऊन ती पसरत गेली, मांडी लालभडक झाली, तापानं फणफणली, लोक बांबू आणायच्या तयारीला लागले. ताप उतरला तेव्हा नारळाचं लिंबू झालं होतं. सर्जननं ते लिंबू कापून काढलं, बरणीत घातलं, वर काचेचं झाकण ठेवलं आणि कडेनं डांबर लावून बंद केलं. बायनाक्का उठली आणि पुढं पस्तीसेक वर्षं धुणं बडवत राहिली. बरणी त्यानंतर कुणी उघडली नाही. आतलं औषध थेंबभरही आटलं नव्हतं.

"मला ती गाठ हवी," शेट्येबाई म्हणाल्या. "तिच्याभोवती कुठल्या पेशी गोळा झाल्या होत्या ते बघायचंय. त्या बाईच्या अंगात जे घडलं ते आज आम्ही लाखो रुपयांच्या इंजेक्शनांनी घडवायचा प्रयत्न करतोय."

"बघा की! पण आधी माझी हवा," खांडेपारकर म्हणाले. "झाकणाखाली दोन बोटं हवा आहे. तुम्ही झाकण काढलंत की ती गेली. बरणी आहे तशी आधी पुण्याला जाईल."

"आणि हिंदकळून गाठीचा भुगा झाला तर?"

"भुगा झाला तरी पेशी पेशीच राहतील ना? माझी हवा मात्र एकदा सुटली की सुटली!"

"आधी गाठ!"

"आधी हवा!"

"आधी सही," मी म्हणाले. "माणसाच्या अवयवावर काम करायचं तर नातेवाइकाची संमती लागते. योजनेच्या नियमातच आहे. ती नसेल तर तुम्हाला गाठही नाही, हवाही नाही, आणि मला हे दालन नाही."

"ऐंशी वर्षांपूर्वीच्या बाईचे नातेवाईक आता कुठं शोधायचे?" खांडेपारकरांनी विचारलं.

"शोधायचे कशाला? आज सर्वपित्री. येतीलच."

आणि आल्याच. दारात बुट्टी टेकवून परीटमावशींनी पदरानं घाम पुसला. बायनाक्काची ही नात. साठीकडं झुकलेली, आवाजानं धुणं आपटल्यासारखी. गंगावेशीत तिची लाँड्री. दर सर्वपित्रीला ती केळीच्या पानावर नैवेद्य घेऊन म्युझियममध्ये यायची. बायनाक्काच्या कपाटापुढं पान ठेवायची, हात जोडायची आणि पान उचलून परत न्यायची. पहिल्या वर्षी मी तिला हाकलणार होते. पण मला म्हणून तिनं चार वडे वेगळे बांधून आणले होते, आणि वडे फार चांगले होते.

"आज गर्दी दिसती," मावशी म्हणाल्या. "कोण पावणं?"

मी ओळख करून दिली. शेट्येबाईंनी लगेच पेन पुढं केलं. खांडेपारकरांनी कागद.

"मावशी, इथं सही करा," शेट्येबाई म्हणाल्या.

"आणि इथं," खांडेपारकर म्हणाले. "इथं आणि मागच्या पानावर."

"कशाची?"

"संमतीची. संशोधनासाठी. फॉर्मॅलिटी आहे हो. तुम्हाला काही त्रास नाही त्याचा."

मावशींनी कागदाकडं बघितलं, पेनाकडं बघितलं, मग बरणीकडं बघितलं. कागद त्यांनी हातात घेतलाच नाही.

"गाठ माझी हाय व्हय? तिची हाय. तिला इचारा," त्या म्हणाल्या आणि बुट्टीतलं पान काढून वाढायला बसल्या. भात, गवार, तांबडा भोपळा, कढी, खीर, वडे. दालनातल्या फॉर्मालिनच्या वासावर खिरीतल्या वेलदोड्यानं क्षणभर मात केली.

दोघे विद्वान माझ्याकडं बघायला लागले. "मेलेल्या बाईला कसं विचारायचं?" शेट्येबाई पुटपुटल्या.

खांडेपारकरांचा चेहरा एकदम उजळला. आपल्याला आपली संस्कृती ठाऊक आहे हे दाखवायची संधी मिळाली की शिकलेल्या माणसाचा चेहरा असाच उजळतो.

"काकस्पर्श!" ते म्हणाले. "मावशी, पान खिडकीत ठेवू या. मनातली इच्छा पुरी होणार असेल तरच कावळा शिवतो, बरोबर? मग आपण बायनाक्कांना सांगू, आम्हाला हे करायचंय. कावळा शिवला की त्यांचा होकार. मग तुम्ही सही करायची. कसं?"

मावशी त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. तसं करा."

त्यांनी पान खिडकीच्या रुंद कठड्यावर ठेवलं आणि स्वतः माझ्या स्टुलावर ऐसपैस बसल्या. खिडकीसमोर शवागाराचं पत्र्याचं छप्पर. त्यावर कावळे कायम. आमच्या कॉलेजात प्राध्यापकांची एक वेळ रजा असेल, कावळ्यांची नाही.

खांडेपारकरांनी घसा साफ केला. "आदरणीय बायनाक्का परीट, आज या ठिकाणी..."

"सत्कार आहे का?" शेट्येबाईंनी विचारलं.

"मग तुम्ही बोला."

"आधी हवा म्हणत होतात ना? बोला की."

खांडेपारकर खिडकीशी गेले. छपरावरचा एक कावळा मान तिरकी करून त्यांच्याकडं बघत होता. त्याच्याशी नजर भिडली तसे ते जरा ओशाळले आणि गंमत म्हणजे नीट बोलायला लागले.

"बायनाक्का, तुमच्या बरणीत वर दोन बोटं हवा आहे. तुम्ही श्वास घेत होता तेव्हाची. तेव्हा अणुबॉम्ब फुटला नव्हता, घरोघर फ्रीज नव्हते, ह्या गावात मोटारी होत्या त्या फक्त राजवाड्यात. तसली हवा आता जगात कुठं उरली नाही. ती शोधायला माणसं बर्फाच्या डोंगरांना भोकं पाडतात. मला ती सुईच्या टोकानं काढून घेऊ द्या. तुमच्या गाठीला माझी सुई लागणार नाही. आपण काय बिघडवलं हे कळायला आधी काय होतं ते कळावं लागतं. एवढंच."

कावळा पत्र्यावर दोन पावलं चालला आणि परत फिरला.

"मला वाटतं त्याला पटलं नाही," शेट्येबाई म्हणाल्या.

"तुम्ही पटवा."

त्या पुढं आल्या. आधी जरा हसल्या, मग बरणीकडं वळून बघितलं आणि हसू गेलं.

"बायनाक्का, माणसाच्या अंगात पहारेकरी असतात. बाहेरचा चोर आला की धरतात. कॅन्सर हा घरातला चोर. त्याला ते ओळखत नाहीत, घरचाच म्हणून सोडून देतात. तुम्हाला धावरं झालं तेव्हा सगळे पहारेकरी खडबडून जागे झाले. उठलोच आहोत तर म्हणून त्यांनी घरातला चोरही बडवला असणार. माझा असा अंदाज आहे. खरं काय ते तुमच्या गाठीलाच ठाऊक. मी तिच्या पातळ पातळ चकत्या करीन, कांदा चिरतात त्याहून पातळ, आणि बघीन. त्यातून लगेच कुणी बरं होणार नाही. खोटं कशाला सांगू. पण पुढं कुणाचा तरी पाय वाचेल."

कावळे आता चार झाले होते. चौघंही पानाकडं बघत होते. एकही हलेना.

"फॉर्मालिनचा वास," खांडेपारकर म्हणाले. "त्या वासानं पक्षी जवळ येत नाही. यात बायनाक्कांचा काही संबंध नाही."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"उघड आहे!"

"उघड काही नसतं. कंट्रोल लावा. दुसरं पान ठेवा, ह्याच खिडकीत, ह्याच वासात. त्यालाही कावळा शिवला नाही तर वास. शिवला तर वास नव्हे."

इथं मला सांगायलाच पाहिजे की त्या क्षणी त्या दोघांचं सकाळपासून पहिल्यांदा एकमत झालं. प्रयोग म्हटल्यावर दोघांच्याही अंगात चैतन्य आलं. खांडेपारकर स्वतः जिना उतरून आमच्या कॅन्टीनमधून दोन बटाटेवडे घेऊन आले. शेट्येबाईंनी माझ्या टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद फाडला, वडे त्यावर ठेवले, आणि दोन्ही पानांमध्ये सारखं अंतर पडावं म्हणून माझी पट्टी मागितली. मावशी स्टुलावर बसून मांडीवर हात ठेवून सगळं बघत होत्या. चेहरा असा की बारशाला आल्यासारखा.

शेट्येबाईंनी पट्टी बाजूला ठेवायच्या आत एक कावळा आला, कॅन्टीनचा वडा उचलला आणि गेला. मागोमाग दुसरा आला, दुसरा वडा घेऊन गेला.

कॅन्टीनचा तो वडा आमच्या कॉलेजात भुकेला विद्यार्थीसुद्धा दोनदा विचार करून खायचा.

"वास नव्हे," शेट्येबाई म्हणाल्या.

"दोनच निरीक्षणं झाली," खांडेपारकर म्हणाले. पण त्यात जोर नव्हता.

तेवढ्यात डीनसाहेब आले. दालन मोजायला कंत्राटदार येणार होता म्हणून आले होते. दारातच थबकले. दोन नामांकित संशोधक शवागाराच्या छपराकडं तोंड करून उभे, आणि लाँड्रीवाली बाई संग्रहपालाच्या स्टुलावर.

"काय चाललंय, लोखंडेबाई?"

"बायनाक्काची परवानगी काढतोय, सर."

सगळं ऐकल्यावर ते पोट धरधरून हसले. डॉ. शितोळे तसे हसतमुख गृहस्थ. माणसाचं नरडं दाबतानाही हसायचे. "अरे, मग मीही सांगतो की!" असं म्हणून खिडकीशी गेले आणि दोन्ही हात जोडून ओरडले, "बायनाक्का! हे विद्वान म्हणतात त्याला तुम्ही हो म्हणा, मी ह्या म्युझियमच्या एका खिळ्यालाही हात लावणार नाही! मी असेपर्यंत तरी नाही! शब्द दिला!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कावळ्याला दिलेल्या शब्दाचं इतिवृत्त निघत नाही, बाई. काळजी करू नका."

कावळा जागचा हलला नाही. ऊन कठड्यावर सरकत आलं. खिरीवर साय धरायला लागली.

"मावशी," शेट्येबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या, "आजींच्या मनात काही राहिलं होतं का?"

मावशींनी माझ्याकडं बोट केलं. "बाईंस्नी ठावं हाय."

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. कावळेसुद्धा, असं मला वाटलं.

"तसा नियम नाही," मी म्हणाले.

"कसला नियम?"

"मी सांगते," मावशी म्हणाल्या. "आजीला ती गाठ पायजे हुती. मरायच्या टायमाला म्हणली, मी जाणार तर सगळी जाणार. नदीत उभी ऱ्हाऊन बी जिनं कधी गुडघ्याच्या वर लुगडं जाऊ दिलं न्हाई, तिच्या मांडीचा तुकडा हितं काचंत. पोरं येत्यात, वाकून बघत्यात. माझा बा आला हुता मागायला. त्याला गेटवरनं परत लावला. मी येते. दरवर्षी बाईंस्नी इचारते, यंदा देता का. बाई म्हणत्यात, नियम न्हाई."

"देऊन टाका!" खांडेपारकर म्हणाले. "हवा काढली की मला बरणीशी कर्तव्य नाही."

"तुम्हाला नसेल," शेट्येबाई म्हणाल्या. "मला तपासायला दोनतीन वर्षं तरी लागतील. चकत्या ठेवाव्या लागतील. पण..." त्या थांबल्या. "उरलेली गाठ मी परत देऊ शकते. सगळ्या चकत्यासुद्धा. काम झाल्यावर."

"परत म्हणजे म्युझियमला," मी म्हणाले.

"परत म्हणजे घरी," मावशी म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "हे बघा, म्युझियममध्ये आलेली वस्तू बाहेर जात नाही. एकदा एक गेली की उद्या कुणीही येऊन म्हणेल, माझ्या पणजोबांचं काळीज द्या. मग राहिलं काय? आणि ही साधी वस्तू आहे का? हिच्यासाठी मुंबई-पुण्याची माणसं इथं आली. ही एक बरणी आहे म्हणून हे दालन आहे!"

"बाई, जरा शांत..." डीनसाहेब म्हणाले.

"तुम्ही बोलू नका सर. ह्या कपाटांत फिरून या. परीट आहेत, मांग आहेत, कुंभार आहेत, झाडूवाल्या आहेत, नाव नसलेल्या बाया आहेत. एक तरी शितोळे आहे का? शितोळ्यांना काय गाठी होत नाहीत? होतात. त्या कापून काढतात आणि विचारतात, साहेब, हिचं काय करू. ह्यांना कुणी विचारलं नाही. ह्या गावात गरिबाला कायमची पक्की जागा मिळालीय ती एवढीच, सागवानी कपाटातली. ती मी राखून ठेवलीय. तुमच्यासारख्यांपासून राखून ठेवलीय!"

डीनसाहेबांचं हसू तोंडावर होतं, पण ते तिथं विसरून राहिल्यासारखं.

मावशी स्टुलावरून उठल्या. कपाटापाशी गेल्या. काचेवर बोटाचा ठसा उमटला होता तो पदरानं पुसला.

"जागा कुणाला पायजे, बाई?" त्या म्हणाल्या. "घर हाय की तिला."

एवढंच. आवाजही चढवला नाही. मी त्या काचेकडं बघत राहिले. आतल्या मंडळींना आजवर कुणीकुणी काय विचारलं नाही त्याची यादी मी आत्ताच डीनच्या तोंडावर फेकली होती. आणि ह्या बाईनं दरवर्षी येऊन मला विचारलं होतं.

मी खिडकीशी गेले. राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून तो कावळ्यावर काढला.

"बायनाक्का," मी ओरडले, "ऐक. ह्यांचं काम झालं की तुझी गाठ, होत्या नव्हत्या त्या चकत्यांसकट, घरी जाईल. नियम मी बघते. आणि आता ये, नाहीतर ती खीर नासते आहे!"

आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो. खांडेपारकर हवेचे, तरी त्यांचाही रोखलेला. छपरावर आता सातआठ कावळे होते. एकानं पंख उघडले. शेट्येबाईंनी माझं मनगट धरलं. कावळ्यानं पंख मिटले आणि चोचीनं पाठ खाजवली.

कुणी आलं नाही. बराच वेळ आलं नाही. मग ते सगळेच्या सगळे उडाले आणि कॅन्टीनच्या बाजूला गेले.

"संपलं," मी म्हणाले. खरंच संपलं असं वाटलं. मी माझी बरणी द्यायला तयार झाले होते, तरी होकार नाही, सही नाही, अनुदान नाही. कंत्राटदार जिन्यावर टेप उलगडत होता त्याचा खरखर आवाज येत होता.

आणि मावशी हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदराबिगर.

"ती कशाला येतीय?" त्या म्हणाल्या. "जन्मभर तिनं कावळ्यांस्नी धोंडं मारलं! धुतल्याली पांढरी धोतरं वाळत घातली की वर येऊन घाण करायची ती. पुन्यांदा धुवायला लागायचं. नदीवर गोफण घिऊन बसायची आजी. मरताना म्हणली, माझ्या पानाला कावळा शिवला तर मी उठून यीन आन तुमास्नी बडवीन. आमच्यात तिच्या नावानं गाईला घालत्यात."

"मग... मग मघाशी सांगितलं का नाहीत?" खांडेपारकर जवळजवळ रडवेले झाले. "आम्ही सकाळपासून..."

"कावळा तुमी काढला, साहेब. मी काढला व्हय?"

"पण तुम्ही हो म्हणालात!"

"म्हणले. का, तर मला तुमी काय सांगितलं? हितं सही करा आन हितं सही करा. तुमास्नी काय त्रास न्हाई. एवढंच. आन कावळ्याला?" मावशींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कावळ्याला सांगितलं, सुई कुठनं घालणार. चकत्या किती पातळ. लगीच कुणी बरं हुनार न्हाई, हे बी. गाठीत काय बघायचं, हवंत काय बघायचं, सगळं. माझ्या आजीला पहारेकऱ्यांनी कसं वाचिवलं हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं न्हवतं. ते बी कावळ्याला सांगितलं! मी म्हणलं, चालू दे. माणसाला सांगत न्हाईत तर न्हाई, कावळ्याला सांगत्यात तवर ऐकून घ्यावं."

शेट्येबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होत्या की काय ते कळेना. बोटांच्या फटीतून डोळे दिसत होते ते हसणारे नव्हते.

पुढचं सगळं झालं ते असं. अनुदान आलं. खांडेपारकरांनी माझ्या दालनातच तंबू ठोकावा तसं यंत्र मांडून सुई घातली. बरणी पुण्याला गेली नाही. त्यांच्या हवेतून निघालं ते त्यांच्या आशेहून कमी होतं, पण तेवढ्यावरही ते आणखी कुठल्या कुठल्या बरण्या शोधत देशभर फिरले. शेट्येबाईंना तीन नव्हे, चार वर्षं लागली. पहारेकरी सापडले. मेलेल्या गाठीभोवती वेढा घालून उभे होते तसेच गोठलेले. त्यांच्या लेखात त्यांनी मावशींचे आभार पहिल्या ओळीत मानले आणि परदेशी संपादकानं ते खाली घ्यायला सांगितल्यावर लेख परत मागवला. आणि पंचगंगेच्या काठावर, चकत्यांसकट, बायनाक्का सगळी गेली. नियमाचं काय केलं ते मी सांगणार नाही. ज्यांना विचारायचं ते विचारतील तेव्हा बघू.

पण त्या दिवशी दुपारी ह्यातलं काहीच झालेलं नव्हतं. खांडेपारकरांनी हळूच कागद पुढं केला होता आणि मावशींनी तो पुन्हा घेतला नव्हता.

"आधी परत म्हणा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी. कावळा गेला. आता माझ्याकडं बघून."

खांडेपारकर पुढं झाले. सुई, हवा, डोंगर, सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. मघापेक्षा कमी शब्दांत आणि जास्त अडखळत. शेट्येबाईंनी सांगितलं. चकत्या परत देईन म्हणताना त्यांनी मावशींचा हात धरला.

मग मावशी डीनसाहेबांकडं वळल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. जिन्याकडं बघितलं. लाँड्रीवाल्या बाईच्या डोळ्यांत सोडून सगळीकडं बघितलं.

"अहो, ते मी गमतीनं..."

"सई पायजे का न्हाई?"

मी मधे पडले नाही. दोन संशोधक आणि टेप हातात घेतलेला कंत्राटदार बघत होते; इतक्यांसमोर शब्द फिरवणं साहेबांना परवडणारं नव्हतं. डॉ. शितोळे शेवटी म्हणाले, "म्युझियमला हात लावणार नाही."

"ऐकू आलं न्हाई. कावळ्याला मोठ्यांदा म्हणला हुता."

साहेबांनी परत म्हटलं. मोठ्यानं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कंत्राटदारानं टेप गुंडाळून खिशात टाकली.

राहिले मी. मघाशी कावळ्याला सांगताना केवढा आवाज निघाला होता माझा. आता मावशी हातभर अंतरावर उभ्या होत्या, कपाळावर घाम, पदराला साबणाचा वास. भाषण ठोकायचं असतं तर ठोकलं असतं. पण सांगायचं होतं ते एका ओळीचं होतं.

"देईन," मी म्हणाले. "घरी देईन."

मावशींनी मान हलवली. हात पदराला पुसला.

"हां," त्या म्हणाल्या. "आणा आता तो कागद."